देवाचा आवाज एलीसारखा होता का?

मेकोसाबागची चिमणी
जय ख्रिस्त सगळ्यांना. बरेच दिवस इथे फक्त वाचून राहिली होती, आज लिहिल्याशिवाय राहवलं नाही. लांब होईल, सांभाळून घ्या.

मी आमच्या मंडळीत संडे स्कूल घेते, आठ ते अकरा वर्षांची मुलं. गेल्या रविवारी बायबलमधल्या लहानग्या शमुवेलचा धडा होता, आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेला तोच. शमुवेल शिलोच्या मंदिरात झोपलाय, देवाचा दिवा अजून विझला नाही, हाक येते, तो उठून म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे पळतो की तुम्ही मला बोलावलं ना, एली म्हणतो नाही रे बाळा जा झोप, असं तीनदा. मी रंगात येऊन सांगून राहिली होती आणि मागच्या बाकावरची एक मुलगी, नेहमी गप्प असते ती, हात वर करून म्हणाली, "टीचर, मग देवाचा आवाज एलीबाबांसारखाच होता का? नाही तर तो तीनदा त्यांच्याकडेच का गेला?"

इतकी वर्षं ही गोष्ट सांगते मी, मला कधीच हा प्रश्न पडला नाही. काहीतरी जुळवाजुळव करत होती तेवढ्यात तिने दुसरं विचारलं, "तुमच्याशी बोलतो का देव?" मी म्हटलं आज वेळ झाली, पुढच्या रविवारी सांगते. वेळ झाली नव्हती. वीस मिनिटं बाकी होती.

आता खरं कारण सांगते. २०२१ च्या नव्या वर्षाचं वचनाचं कार्ड आमच्या पाळकसाहेबांनी घरोघरी पाठवलं होतं. माझ्या कार्डावर स्तोत्र ११८ मधलं १७ वं वचन आलं, मी मरणार नाही तर जगेन, ते. एप्रिलमध्ये बाबांना कोविड झाला. तेव्हाचं नागपूर ज्यांनी पाहिलं त्यांना वेगळं सांगायची गरज नाही, बेडसाठी अख्खी रात्र फोन लावत बसायचो. बाबा अॅडमिट झाले आणि मी ते कार्ड काढून बसली, अंगावर काटा आला, म्हटलं देवाने जानेवारीतच सांगून ठेवलंय. सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं, देवाने मला सांगितलंय बाबा घरी येणार. सहाव्या दिवशी आई म्हणाली, सिस्टर व्हिडिओ कॉल लावून देते म्हणून राहिली, बोलून घेऊ या का यांच्याशी. मी म्हटलं, आई, त्यांना थकवू नको, घरी आल्यावर पोटभर बोलू, देवाचं वचन आहे आपल्याकडे.

नवव्या दिवशी बाबा गेले.

चर्च सोडलं नाही मी. प्रार्थना करते, मुलांना शिकवते, भजनं म्हणते. पण ऐकायचं सोडलं. प्रार्थनेत माझं सांगून झालं की लगेच आमेन म्हणून उठते, पुढची शांतता मला सहन होत नाही. आणि सभेत कोणी उभं राहून "प्रभू माझ्याशी बोलला" म्हटलं की पोटात गोळा येतो.

तर विचारायचं एवढंच की तुम्हाला कसं कळतं? देवाचा आवाज कोणता, आपल्या मनाचा कोणता, भीतीचा कोणता? कृपा करून "तुझा विश्वास कमी पडला" असं कोणी लिहू नका, ते ऐकून झालंय.

फुटाळ्याचा वारा
ताई, वाचून गलबलून आलं. उत्तर माझ्याकडे नाही, एक गोष्ट सांगतो.

आपल्याकडे मे महिन्यात घरात कूलर सुरू असला की कोणाला कोणाचं ऐकू येत नाही, आपण सगळे ओरडूनच बोलतो आणि त्याची इतकी सवय होते की आवाज आहे हेच विसरतो. मागच्या नवतपात, त्या नऊ दिवसांच्या कडक उन्हात, दुपारी लाइट गेली. कूलर घरघरत घरघरत थांबला आणि एकदम आतल्या खोलीतून आजीचा आवाज आला, ती पाणी मागून राहिली होती. किती वेळापासून मागून राहिली होती कोणास ठाऊक. मला एलीया संदेष्टा आठवला, बायबलमधलं १ राजे १९. सुसाट वारा झाला, त्यात परमेश्वर नव्हता, भूकंपात नव्हता, अग्नीत नव्हता, मग ती मंद वाणी. मी आधी समजायचो की आधी देव गप्प होता आणि मग बोलला. पण आजीसारखं तर नसेल ना, की तो बोलतच असतो आणि आपलंच काहीतरी घरघरत असतं? तेव्हापासून रोज दहा मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, नुसता बसतो. पहिले कितीतरी दिवस फक्त ऑफिसचीच कामं आठवली. तरी बसतो.

ऑरेंज सिटी बॉय
ताई मी २३ वर्षांचा आहे, ख्रिस्ती घरातच वाढलो, चर्चमध्ये दृढीकरणाचा विधी झालाय, आणि मला आजवर कधीच काहीही ऐकू आलेलं नाही. यूथ कॅम्पला सगळे रडत असतात, कोणाला दृष्टांत होतो, कोणाला वचन मिळतं, मी डोळे मिटून बसतो आणि मला फक्त पंख्याचा आवाज येतो. हे आजपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. तुमचं वाचून लिहिलं.

वचनधारी
देव लबाड नाही. चूक नेहमी ऐकणाऱ्याची असते. वचनाला घट्ट धरून राहणं हाच विश्वास.

कॅरेजवाले काका
पोरी, तुहं दोनदा वाचलं. नातवानं मोबाइल मोठ्या अक्षरात करून दिला म्हणून लिहून राहिलो, टायपिंगले वेळ लागते मले.

मी रेल्वेत खलाशी म्हणजे मदतनीस म्हणून लागलो १९७४ साली, नागपुरातच, डबे तपासणाऱ्या कॅरेज अँड वॅगन खात्यात. गाडी उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकं ठोकत जायचं हे काम. चांगलं चाक घंटीसारखं वाजते, तडा असला की भद्द वाजते. ऐकाले सोपं वाटते. पहिल्या दिवशी मिस्त्री म्हणे ठोक, मी ठोकलं, मले त सगळी चाकं सारखीच. मी म्हटलं मिस्त्री, एखादं तडकलेलं दाखवा ना, म्हणजे फरक समजन. तो म्हणे नाही दाखवत. तू चांगली ठोक. उन्हात, थंडीत, मालगाडी असो की जीटी एक्सप्रेस असो, रोज चांगलीच चाकं ठोकत जा. कित्येक महिने हेच केलं. मले वाटे हा मले काही शिकवतच नाही.

मग एका पहाटे मालगाडी आली, थंडी व्हती, मी अर्ध्या झोपेत ठोकत चाललो व्हतो अन् एका चाकापाशी पाय आपोआप थांबले. विचारबी केला नव्हता. फक्त काहीतरी ओळखीचं नव्हतं त्या आवाजात. परत ठोकलं. मिस्त्रीले बोलावलं, त्यानं ठोकलं, मग टीएक्सआर, म्हणजे गाडी तपासणारे साहेब आले, त्यांनी बत्ती मारून पाहिलं अन् डबा सिक, म्हणजे नादुरुस्त ठरवून बाजूले काढला.

आता हे पाहाय. माहे कान काही तेज नव्हते, एका कानानं तवाच कमी ऐकू येत व्हतं. मले खोट्या आवाजाचं कोणी शिकवलं नाही. चांगला आवाज इतका कानात बसला व्हता की दुसरा आला की खटकला. योहानाच्या १० व्या अध्यायात येशू म्हणते ना, मेंढरं परक्याच्या मागं जात नाहीत कारण त्याचा आवाज त्यांच्या ओळखीचा नसते. मले तो अध्याय त्या दिवशी समजला, चर्चमध्ये नाही, यार्डात.

म्हणून मी काय करतो, चारही शुभवर्तमानं पहिल्यापासून शेवटापर्यंत वाचतो, संपली की परत पहिल्यापासून. काही विशेष मिळालं पाहिजे असं म्हणून नाही. येशू कोणाशी कसा बोलते, कोणाले रागावते, कोणाले रागावत नाही, रडणाऱ्या बाईशी कसा बोलते, हे कानात बसू देतो. मग दिवसभरात मनात एखादा आवाज येते, "तू काही कामाचा नाहीस, तुह्या हातून हेच व्हायचं व्हतं", तवा पाय थांबतात. हा त्याचा नाही. तो असा बोलतच नाही कोणाशी.

अन् तुह्या कार्डाचं. तो एक ठोका व्हता पोरी. एका ठोक्यावर मिस्त्रीबी गाडी पास करत नव्हता. हातोडीनं ऐकायचं, डोळ्यानं पाहायचं, ऍक्सलच्या पेटीले हात लावून गरम त नाही पाहायचं, अन् तरी दुसऱ्याले बोलवायचं. ना. वा. टिळक इथूनच राजनांदगावले निघाले व्हते, आमच्याच लायनीवर, डब्यात एका अनोळखी गोऱ्या माणसानं त्यांले नवा करार देला. त्या डब्यात काही आकाशवाणी झाली नाही. त्यांनी ते वाचत नेलं, डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले, शंका काढल्या, लोकांशी पत्रव्यवहार केला अन् मग १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. इतका मोठा कवी, त्याले इतका वेळ लागला. तुले त नऊ दिवस भेटले व्हते अन् तेबी कोविडचे.

तू खोटी नव्हती. तू बापाले वाचवाले पाहत व्हती.

ऑरेंज सिटी बॉय
काका 🙏🙏 म्हणजे मला काही ऐकू येत नाही म्हणून मी नापास नाही? मी सध्या फक्त चांगली चाकं ठोकून राहिलो?

कॅरेजवाले काका
हो बाबू. ठोकत राहा.

सेमिनरी हिल्सवरून
मी कॅथलिक आहे, एका शाळेत शिकवतो, संध्याकाळी बऱ्याचदा टेकडीवर फिरायला जातो त्यामुळे हे नाव. काकांनी जे लिहिलं त्याला जोडून थोडं.

संत इग्नेशियस लोयोला हा आधी सैनिक होता. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा पायाला लागला, घरी कितीतरी महिने पडून. वाचायला शौर्यकथा मागितल्या, त्या घरात नव्हत्या, होतं ते ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा. मग दिवसभर स्वप्नं बघायचा, कधी लढाईची आणि एका मोठ्या घरच्या बाईची, कधी संतांसारखं जगण्याची. दोन्ही स्वप्नं बघताना मजा यायची. फरक नंतर लक्षात आला. पहिली संपली की मन कोरडं पडायचं, दुसरी संपली तरी आतला आनंद टिकून राहायचा. त्याचं सगळं आध्यात्मिक शिक्षण या एका निरीक्षणातून वाढलं, की विचार येताना कसा वाटतो यावर जाऊ नका, तो गेल्यावर मागे काय ठेवून जातो ते बघा.

याचा रोजचा उपयोग असा, रात्री झोपायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं दिवसाची उजळणी. देवाचे आभार मानायचे, मग सकाळपासून दिवस परत डोळ्यांसमोरून न्यायचा, कुठे मन मोकळं झालं, कुठे आक्रसलं, कोणाशी बोलताना आपण प्रेमाने होतो, कोणाला टाळलं, जिथे चुकलं तिथे क्षमा मागायची आणि उद्यासाठी कृपा. मी हे अकरा वर्षं करून राहिलो. एका रात्रीत काही कळत नाही. पण दोन-तीन महिन्यांत दिसायला लागतं की अरे, मी अमुक माणसाला भेटून आलो की दर वेळी मन उजळतं, अमुक कामाच्या मागे लागलो की दर वेळी जळजळ राहते. मला देवाचं बोलणं बहुतेक वेळा असं मागे वळून पाहतानाच सापडलंय.

आणि त्याचा एक नियम ताई तुमच्यासाठी मुद्दाम लिहितो. मन काळोखात असताना, घाबरलेलं असताना, आधी शांतपणे ठरवलेलं बदलू नका, नवं काही ठरवू नका. एप्रिल २०२१ मध्ये कोणाचं मन शांत होतं? त्या दिवसांत जे "ऐकलं" त्यावरून देवाचा न्याय करू नका आणि स्वतःचाही करू नका.

रात्रपाळी
मी नर्स आहे. त्या एप्रिलमध्ये कोविड वॉर्डात होती, कोणत्या हॉस्पिटलात ते सांगत नाही. ताई, मी त्या बाजूने सांगते. ज्यांचा कॉल लावता आला नाही असे खूप होते, पीपीई घालून एका वेळी किती जणांपाशी उभं राहणार. पण घरून फोन आला की आम्ही जाऊन सांगायचो, काका तुमच्या मुलीचा फोन होता, विचारून राहिली होती. ज्यांना बोलता येत नव्हतं तेही मान हलवायचे. तुमच्या बाबांचं मला माहीत नाही, खोटं सांगणार नाही. आम्ही असं करायचो एवढंच सांगते.

दुसरं, एलीयाची गोष्ट सगळे मंद वाणीपासून सांगतात. त्याच्या आधी काय झालं बघा. तो झुडपाखाली पडून म्हणतो, पुरे झालं, आता माझा प्राण घे. देव त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो. देवदूत उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, तो खाऊन परत झोपतो, परत उठवून खायला देतो. बोलणं होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांनी. थकलेल्या माणसाला देव आधी जेवू घालतो, हे मी त्या वर्षी धरून ठेवलं होतं.

आणि हो, मला रात्रपाळीत कधी कधी असं होतं की उगाच एखाद्या बेडचं मनात येतं, जाऊन बघ. मी जाते. कधी खरंच सलाइन संपलेलं असतं, कधी कोणी एकटं रडत असतं, कधी काहीच नसतं, पेशंट गाढ झोपलेला. साक्ष देताना आपण फक्त पहिल्या दोन सांगतो. तिसरी पण सांगायला पाहिजे असं मला वाटते, नाही तर त्या पंख्याच्या आवाजवाल्या भावासारखी मुलं स्वतःलाच दोष देत बसतात.

सदरचा जुना रहिवासी
वचनधारी यांना नम्रपणे, तुम्ही जे लिहिलं ते चूक नाही पण अर्धं आहे. वचनाला धरायचं आणि पारख पण करायची, दोन्ही पवित्र शास्त्रातच आहे. १ थेस्सलनीकाकरांस ५ मध्ये प्रेषित पौल म्हणतो संदेशांचा धिक्कार करू नका, आणि लगेच म्हणतो सगळ्याची पारख करा, चांगलं ते धरा. आणि खुद्द पौलाचं बघा, प्रेषितांची कृत्ये १६. आशियात वचन सांगायला गेला, आत्म्याने अडवलं. बिथुनियाकडे वळला, तिथेही जाऊ दिलं नाही. दोन दारं बंद झाल्यावर त्रोवसला रात्री मासेदोनियाचा माणूस दिसला. पौलाला पण आधी दोन वेळा रस्ता चुकला म्हणा ना.

आणि ऐकणं एकट्याचं काम आहे हे आपण कुठून काढलं? आपल्या नागपुरातच २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बोलणी १९२९ ला सुरू झाली होती. ४१ वर्षं! प्रत्येकाला वाटत होतं देवाची इच्छा आपल्याला कळली आहे, आणि तरी एकमेकांचं ऐकत बसले. कितीतरी लोक सुरुवातीला होते ते शेवट बघायला राहिले नाहीत. मला लहानपणापासून ह्या गोष्टीचं फार वाटतं.

शमुवेलच्या बाबतीत अजून एक. त्याला मिळालेला निरोप त्याला नको असलेला होता, ज्या माणसाने सांभाळलं त्याच्याच घराविरुद्ध. खोटे संदेष्टे बहुतेक राजाला हवं तेच सांगायचे. मी स्वतः जेव्हा "देवाने सांगितलं" म्हणतो आणि ते नेमकं मला पाहिजे तेच असतं, तेव्हा दुप्पट तपासतो.

वचनधारी
ताई, मी घाईत लिहिलं. तुमचं पूर्ण वाचलं नव्हतं. माफ करा. माझी आई पण त्याच लाटेत गेली.

मेकोसाबागची चिमणी
वचनधारी भाऊ, माफी कशाला. तुमच्या आईसाठी आज प्रार्थना केली.

सगळ्यांचे आभार कसे मानू कळून नाही राहिलं. चार दिवस लिहिलं नाही कारण बरंच काही झालं.

काकांचं वाचून मी कपाटातून ते कार्ड काढलं आणि पहिल्यांदा अख्खं ११८ वं स्तोत्र वाचलं, २९ च्या २९ वचनं. इतकी वर्षं मी फक्त त्या एका ओळीशी भांडून राहिली होती. ते आभाराचं स्तोत्र आहे, संकटातून वाचलेला माणूस लोकांसोबत मंदिराच्या दारातून आत जाऊन राहिला, आणि पहिलं आणि शेवटचं वचन एकच आहे, त्याची दया सनातन आहे. ती ओळ माझ्या बाबांच्या ऑक्सिजनबद्दल नव्हती. हे लिहिताना हात थरथरून राहिला पण सुटल्यासारखं वाटलं.

मग रात्री आईजवळ बसली आणि व्हिडिओ कॉलचं बोलली. इतक्या वर्षांत आम्ही दोघी त्या दिवसाबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. मी म्हटलं आई, तू म्हणाली होती बोलून घेऊ या, मी बोलू दिलं नाही. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, मला आतून फार वाटत होतं गं त्या दिवशी, की आजच बोलावं. पण तू देवाचं नाव घेतलं म्हणून मी गप्प बसली.

रात्रभर झोप नाही आली. मी कार्डात देवाचा आवाज शोधत होती आणि तो कदाचित स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, आईच्या आवाजात, बोलून घेऊ या का यांच्याशी, म्हणून. खात्रीने नाही म्हणत मी, आता खात्रीने म्हणायची भीती वाटते आणि ती भीती बरी आहे असं वाटते. पण त्या मुलीचा प्रश्न मला तेव्हा समजला.

काल वर्गात तिला सांगितलं, हो बेटा, मला वाटतं एलीबाबांसारखाच असेल, घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखा, म्हणूनच शमुवेल तिकडे धावला. ती म्हणाली, "मग चौथ्यांदा त्याला कसं कळलं की हा देव आहे?" मी म्हटलं, कारण एलीबाबांनी सांगितलं. एकट्याला नसतं कळलं. मग मी मुलांना माझ्या बाबांचं पण सांगितलं, मुलांना झेपेल तेवढं. कोणी चुळबुळ केली नाही. ती मुलगी जाताना म्हणाली टीचर, सकाळी उठून शमुवेलने काय केलं? पुस्तकात बघितलं, तिसऱ्याच अध्यायात आहे, त्याने परमेश्वराच्या मंदिराची दारं उघडली. रोजचं काम.

आज प्रार्थनेनंतर आमेन म्हणून लगेच उठली नाही. पाच मिनिटं. काही ऐकू आलं नाही. शेजारी आई तांदूळ निवडून राहिली होती, तो आवाज येत होता.

काका, तुमचं चाकाचं मुलांना सांगितलं तर सगळे म्हणाले आम्हाला ऐकायचं आहे.

कॅरेजवाले काका
हातोडी त रिटायर झालो तवा जमा केली पोरी. पण दोन माठ घेऊन येतो, एक चांगला अन् एक तडकलेला, इतवारीतून उन्हाळ्यात आणलेला पडून हाय घरी. पोरांचे डोळे मिटून ठोकतो. पण आधी चांगलाच वाजवीन बराच वेळ, सांगून ठेव त्यांले, कटाळा येईन.

वर्ग किती वाजता असते?

मेकोसाबागची चिमणी
साडेआठला काका. मुलं चौदा आहेत. आई म्हणते नाश्ता आमच्याकडेच करायचा.

ऑरेंज सिटी बॉय
मी येऊ का? माठ उचलायला.